दोन भाषांची पदवी : जर्मनीतील यंत्र अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण

(अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खेड्यातील विहिरीवर धडधडणारे डिझेल इंजिन आता पूर्वीइतके दिसत नाही. विजेच्या पंपाने त्याची जागा घेतली. तरीही त्याचा आवाज न ऐकलेला शेतकरी महाराष्ट्रात विरळाच. १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कारखान्यांनी हे यंत्र शिवारापर्यंत पोहोचविले. ज्याच्या नावाने ते ओळखले जाते त्या रुडॉल्फ डिझेलचा जन्म मात्र १८५८ साली पॅरिसमध्ये, जर्मन आईबापांच्या पोटी झाला. बारा वर्षे तो फ्रेंच वातावरणात वाढला. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा कुटुंबाला पॅरिस सोडावे लागले आणि मुलाची रवानगी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे नातेवाइकांकडे झाली. पुढे म्युनिकच्या तंत्रविद्यालयात कार्ल फॉन लिंडे यांच्या हाताखाली तो ऊष्मागतिकी शिकला आणि १८९७ साली आउग्सबुर्गच्याच कारखान्यात त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले. आधुनिक शेतीला पाणी पाजणाऱ्या या यंत्राचा जनक एका भाषेत वाढला, दुसऱ्या भाषेत शिकला आणि दोहोंतही काम करीत राहिला.

हे उदाहरण अपवादात्मक नव्हे. यंत्रांच्या गतीचे शास्त्र उभारणाऱ्या फ्रान्झ रॉइलो यांचा मूळ ग्रंथ १८७५ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी केनेडी यांनी तो इंग्रजीत आणला. यंत्रविद्येचे ज्ञान आरंभापासून भाषांच्या सीमा ओलांडत आले आहे. आज जर्मनीतील काही विद्यापीठांत यंत्र अभियांत्रिकीचा जो द्विभाषिक पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो, तो या जुन्या परंपरेचेच नवे रूप होय. महाराष्ट्रातील शेकडो तरुण तिकडे जाण्याची तयारी करीत असताना या शिक्षणाचे स्वरूप, त्याचा लाभ आणि त्यातील धोका त्यांच्या गावातील शिक्षकाला व पंचायत सदस्याला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

जर्मनीत पूर्वी ‘डिप्लोम इंजेनिअर’ ही एकच दीर्घ अभ्यासाची पदवी असे. १९ जून १९९९ रोजी बोलोन्या येथे २९ युरोपीय देशांनी उच्च शिक्षणाची रचना परस्परांशी जुळविण्याचा जाहीरनामा केला. त्यानंतर तेथे पदवी आणि पदव्युत्तर पदवी असे दोन टप्पे हळूहळू रूढ झाले. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला एकूण १२० श्रेयांक असतात, म्हणजे प्रत्येक सत्राला ३०. एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम. त्यात वर्गातील तासांबरोबर घरचा अभ्यासही धरलेला असतो. शेवटचे सत्र बहुधा प्रबंधाचे असते आणि तो प्रबंध अनेक विद्यार्थी एखाद्या कारखान्यात राहून लिहितात.

द्विभाषिक अभ्यासक्रमात काही विषय इंग्रजीतून आणि काही जर्मनमधून शिकविले जातात. ऱ्हूर खोऱ्यात, पोलाद आणि कोळशाच्या प्रदेशात वसलेल्या डुइसबुर्ग–एसेन विद्यापीठाची आंतरराष्ट्रीय अभियांत्रिकी अभ्यासमाला अशा दोन भाषांवर उभी आहे. हे विद्यापीठ २००३ साली दोन जुन्या विद्यापीठांच्या एकत्रीकरणातून निर्माण झाले. इतरत्रही अनेक ठिकाणी पाठ्यक्रमपुस्तिकेत प्रत्येक विषयापुढे त्याची भाषा नोंदलेली असते आणि विद्यार्थ्याने आपली निवड त्यानुसार करावयाची असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘इंग्रजी आहे, म्हणजे निभावेल’ असे समजून पुष्कळ तरुण निघतात. वर्गात ते निभावतेही. परंतु कार्यशाळेतील सुरक्षेच्या सूचना, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचे बोलणे, घरमालकाचा करार आणि नगरपालिकेतील नोंदणी हे सारे जर्मनमध्ये असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट नोकरीची. जर्मन उद्योगाचा कणा म्हणजे लहान गावांतून पसरलेले मध्यम आकाराचे कारखाने. एखादा कारखाना फक्त झडपा करतो, तर एखादा फक्त दंतचक्रे. तेथील कामगार, फोरमन आणि मालक आपसांत जर्मन बोलतात. केवळ इंग्रजीवर मिळविलेली पदवी घेऊन त्यांच्या दाराशी गेलेल्या अभियंत्याला गुणपत्रिका उत्तम असूनही परत फिरावे लागते. द्विभाषिक अभ्यासक्रम ही अडचण शिक्षण चालू असतानाच दूर करू पाहतो.

मराठी विद्यार्थ्याचे बलस्थान

जर्मन ही कठीण भाषा अशी तिची ख्याती आहे. ती सर्वस्वी खोटी नाही. तथापि मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला तिच्यात काही ओळखीच्या खुणा भेटतात आणि शिक्षकांनी त्या मुद्दाम दाखवून दिल्या पाहिजेत.

पहिली खूण लिंगांची. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना लिंग नसते, हिंदीत दोनच लिंगे आहेत. जर्मनमध्ये मराठीप्रमाणे तीन आहेत. मराठीत ‘तो दट्ट्या’ आणि ‘ते चाक’ म्हणतात. जर्मनमध्येही दट्ट्याला ‘कोल्बन’ हा पुल्लिंगी, तर चाकाला ‘राट’ हा नपुंसकलिंगी शब्द आहे. सर्वत्र असा मेळ बसत नाही. आपल्याकडे स्क्रू पुल्लिंगी, तिकडे तो ‘श्राउबे’ होऊन स्त्रीलिंगी बनतो. पण निर्जीव वस्तूलाही तो, ती किंवा ते म्हणावे लागते ही कल्पना मराठी मुलाला नवी नसते.

दुसरी खूण वाक्यरचनेची. जर्मन गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाते. ‘वाइल दी वेले गेब्रोखन इस्ट’ या वाक्यातील ‘दी’ हे उपपद वगळले, तर उरलेले शब्द त्याच क्रमाने ‘कारण शाफ्ट तुटलेला आहे’ असे मराठीत उतरतात. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी या ठिकाणी अडखळतो. मराठीतून विचार करणाऱ्याला अडखळण्याचे कारण नाही.

तिसरी खूण आकड्यांची. जर्मनमध्ये पंचेचाळीस म्हणताना आधी पाच आणि मग चाळीस उच्चारतात. मराठीतही पंचेचाळीस या शब्दात पाच आधी येतात. मोजमापे तोंडी सांगितली जातात त्या कार्यशाळेत ही सवय फार उपयोगी पडते.

चौथी खूण समासांची. ‘त्सान’ म्हणजे दात आणि ‘राट’ म्हणजे चाक. ‘त्सानराट’ म्हणजे दंतचक्र. ‘वेर्मे’ म्हणजे ऊष्मा, ‘क्राफ्ट’ म्हणजे बल. या दोहोंपुढे ‘माशीने’ जोडले की ऊष्माबलयंत्र, अर्थात उष्णतेवर चालणारे इंजिन तयार होते. लांबलचक जर्मन शब्द पाहून घाबरण्यापेक्षा संस्कृतच्या तासाला करतात तसा त्याचा विग्रह केला की अर्थ आपोआप उलगडतो.

जेथे चूक महागात पडते

सामान्य संभाषणात भाषेची चूक झाली तर हसे होते. अभियांत्रिकीत ती झाली तर यंत्र मोडते. जर्मन लिखाणात दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात आणि हजार वेगळे दाखविण्यासाठी पूर्णविराम. त्यामुळे जर्मन आराखड्यात १,२५० असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ सव्वा. तोच आकडा आपल्याकडील हिशेबनीस बाराशे पन्नास वाचील. फरक हजारपटीचा आहे.

‘श्पानुंग’ हा शब्द घ्या. बलविज्ञानात त्याचा अर्थ प्रतिबल, म्हणजे पदार्थाच्या एकक क्षेत्रावर आतून पडणारा ताण. विद्युत्शास्त्रात त्याच शब्दाचा अर्थ विद्युत्दाब. ‘मुटर’ म्हणजे आई आणि ‘मुटर’ म्हणजेच बोल्टवर बसणारा नट. अनेकवचनात मात्र दोघांची रूपे वेगळी होतात. ‘फेस्टिष्काइट’ म्हणजे तुटण्याला होणारा विरोध आणि ‘श्टाइफिष्काइट’ म्हणजे वाकण्याला होणारा विरोध. पहिली बळकटी, दुसरी ताठरता. व्यवहारात या दोन गोष्टींची सरमिसळ होते, पण त्या एक नव्हेत. काच ताठर असते, तरी सहज फुटते.

ज्या विद्यार्थ्याला हा भेद मातृभाषेत स्पष्ट झालेला असतो, त्याला परभाषेत केवळ नवा शब्द शिकावा लागतो. ज्याने इंग्रजी व्याख्या पाठ केली, पण अर्थ कधी पाहिला नाही, त्याला परभाषेत शब्द आणि कल्पना दोन्ही एकदम शिकाव्या लागतात आणि तेथेच तो मागे पडतो. द्विभाषिक शिक्षणाचे यशापयश अशा रीतीने जिल्हा परिषदेच्या शाळेतील विज्ञानाच्या तासाशी बांधलेले आहे. राज्याच्या भाषा संचालनालयाने शास्त्रीय विषयांचे परिभाषा कोश सिद्ध केले आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१–२२ पासून मराठीसह प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास वाट करून दिली. या साधनांचा वापर झाला पाहिजे. मराठीत पक्के झालेले शास्त्र परदेशी जाणाऱ्याच्या मार्गात अडसर ठरत नाही. ती त्याची शिदोरी ठरते.

खर्चाचा खरा हिशेब

जर्मनीतील बहुतेक शासकीय विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, ही गोष्ट खरी आहे. तथापि तिला अपवाद आहेत. बाडेन–वुर्टेम्बर्ग राज्याने २०१७–१८ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शुल्क लावले. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही २०२४–२५ पासून अशा नव्या विद्यार्थ्यांसाठी शुल्क सुरू केले. शिवाय शुल्क नाही याचा अर्थ खर्च नाही असा होत नाही. प्रवेशपत्रासाठी विद्यार्थ्याला वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम एका बंधित खात्यात आधीच ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो ठरली. त्यातून दरमहा ९९२ युरोच काढता येतात.

समजा, एखाद्या अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलीने तालुक्याच्या गावी शाळा, जिल्ह्याच्या ठिकाणी तंत्रनिकेतन आणि पुण्यात अभियांत्रिकीची पदवी असा प्रवास केला आहे. तिच्यासाठी ही रक्कम उभी करताना घरची जमीन तारण पडते. तिकडे गेल्यावर काम करून कर्ज फेडू, असा कुटुंबाचा हिशेब असतो. १ मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. पण उपाहारगृहात रात्री उशिरापर्यंत राबून सकाळी परक्या भाषेतील ऊष्मापारेषणाचे व्याख्यान समजून घेणे ही सोपी गोष्ट नाही. आणि अनेक विद्यापीठांत एका विषयाच्या परीक्षेला तीनच संधी मिळतात. तिसऱ्यांदा अपयश आले तर नाव कमी होते आणि सामान्यतः तोच अभ्यासक्रम त्या देशात दुसरीकडेही पुरा करता येत नाही. तारण पडलेली जमीन आणि तिसरी संधी यांमध्ये सापडलेल्या विद्यार्थिनीची अवस्था गावी बसलेल्या वडिलांना पत्रातून वा दूरध्वनीवरून कळत नाही. म्हणूनच कर्जाच्या कागदावर सही होण्यापूर्वी हा हिशेब घरात मोकळेपणाने मांडला गेला पाहिजे.

त्याच वेळी उलट बाजूही सांगितली पाहिजे. जी विद्यार्थिनी भाषेची तयारी करून जाते, तिला विद्यापीठातच साहाय्यकाचे किंवा कारखान्यात अर्धवेळ अभियंत्याचे काम मिळू शकते. असे काम पोटाला आणि अभ्यासाला सारखेच उपयोगी पडते. पदवी झाल्यावर शिक्षणाला साजेशी नोकरी शोधण्यासाठी १८ महिने राहण्याची परवानगी मिळते. भाषा येत असेल तर हा काळ पुरेसा ठरतो. ती येत नसेल तर हा काळ भाषा शिकण्यातच सरतो.

पूर्वतयारीचा क्रम

भाषेच्या पातळ्या युरोपात ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा मानल्या जातात. इंग्रजी विषयांसाठी आयईएलटीएस किंवा टोफेल आणि जर्मनसाठी टेस्टडाफ, डीएसएच किंवा गोएथे संस्थेची परीक्षा असे दोन वेगळे पुरावे द्विभाषिक अभ्यासक्रमाला द्यावे लागतात. जर्मनची अपेक्षित पातळी विद्यापीठागणिक बदलते. बी-२ पातळी गाठण्यास साधारणतः ६०० ते ८०० तासिका लागतात, हे लक्षात घेता पदवीच्या शेवटच्या वर्षी शिकण्यास आरंभ करणे म्हणजे उशीर करणे होय. दुसऱ्या वर्षापासूनच सुरुवात व्हावी. पुणे आणि मुंबई येथील मॅक्स म्युलर भवन आणि पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग यांची या कामी मदत होते.

त्यानंतर गुणांचे रूपांतर. जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुण आणि ४ हा उत्तीर्णतेचा शेवटचा. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करून त्यांना कमाल आणि उत्तीर्णतेच्या किमान गुणांतील फरकाने भागावयाचे, आलेल्या संख्येला ३ ने गुणून त्यात १ मिळवावयाचा. ७५ टक्के गुण आणि ४० टक्क्यांना उत्तीर्णता असेल तर २५ भागिले ६०, गुणिले ३, अधिक १, म्हणजे सव्वादोन. मात्र गुणांइतकेच गणित, बलविज्ञान, पदार्थविज्ञान यांचा किती अभ्यास झाला हेही तपासले जाते. पदवीचा पाठ्यक्रम विषयवार जपून ठेवणे त्यामुळे आवश्यक ठरते.

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना प्रवेशपत्रासाठी नवी दिल्लीच्या शैक्षणिक मूल्यांकन केंद्राचे, म्हणजे एपीएसचे, प्रमाणपत्र अनिवार्य झाले. कित्येक विद्यापीठांचे अर्ज ‘उनी-असिस्ट’ या संस्थेमार्फत जातात. तिचे शुल्क पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातील पुढील प्रत्येक अर्जाला ३० युरो असे आहे. हे आकडे येथे देण्याचे कारण एवढेच की, याच कामासाठी मध्यस्थ लाखो रुपये मागू लागला तर पालकांनी त्याला प्रश्न विचारावा.

गावाची आणि शासनाची जबाबदारी

परदेशातील पदवीशी ग्रामपंचायतीचा काय संबंध, असा प्रश्न साहजिक आहे. संबंध निकटचा आहे. जन्मनोंदीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि गुणपत्रिकेवर तिसरे अशी स्थिती असली की तपासणीत कागद अडतो आणि सत्र हातचे जाते. दाखला देताना नाव आणि आडनाव यांचे लेखन तपासून घेणे हे कारकुनी काम वाटते, पण एखाद्या मुलाचे वर्ष त्यावर अवलंबून असते. उत्पन्नाचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र वेळेवर मिळणे हेही तितकेच मोलाचे. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून चालू आहे. तिच्यासाठी विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. ती अट आधी वाचून मगच विद्यापीठ निवडावे, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.

महाराष्ट्र आणि जर्मनी यांचे नाते नवे नाही. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या, १९३० साली डॉक्टरेट घेऊन परतल्या आणि पुढे त्यांनी मराठीत ‘युगान्त’ लिहिले. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ साली भगिनी शहरे झाली. बाडेन–वुर्टेम्बर्ग राज्याशी २०१५ मध्ये भागीदारी झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला. चाकणच्या परिसरात जर्मन कंपन्यांचे कारखाने उभे आहेत. २०२२–२३ च्या हिवाळी सत्रात जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या प्रथमच सर्वांत मोठी ठरली आणि पुढील वर्षी ती ४९ हजारांवर गेली. या गर्दीत मराठी मुलामुलींनी केवळ संख्या वाढविण्यासाठी जाऊ नये, तयारीने जावे.

जो तरुण मराठी शाळेतून निघून इंग्रजी महाविद्यालयात टिकला, त्याने भाषांतराचा एक घाट चढून पार केलेलाच आहे. दुसरा घाट त्याला अशक्य नाही. चाल मात्र आधीपासून लागली पाहिजे, पायाखालची वाट ठाऊक पाहिजे आणि पाठीवरचे कर्जाचे ओझे पेलण्याइतके पाहिजे. ती वाट दाखविणे हे शिक्षकाचे, कागद वेळेवर देणे हे अधिकाऱ्याचे आणि घरात हिशेब मांडला जातो की नाही हे पाहणे गावातील जाणत्यांचे काम आहे. एवढे झाले, तर दोन भाषांची ही पदवी घेऊन येणारा अभियंता जर्मन आराखड्यातील स्वल्पविरामही अचूक वाचील आणि त्याचा अर्थ आपल्या गावच्या कार्यशाळेत शुद्ध मराठीत समजावूनही सांगेल.